तो प्रश्न तुम्ही विचारा

नोकरदार मंडळींनो, मार्चच्या आसपास तुमच्यापैकी अनेकांना एचआरकडून एक मेल येतो. मेडिक्लेमचं रिन्यूअल आहे, आश्रितांची यादी तपासा, बदल असल्यास अमुक तारखेच्या आत कळवा. बहुतेक जण तो न उघडताच पुढे जातात. ज्यांच्या घरी नुकतं लग्न झालंय किंवा पाळणा हललाय, तेवढेच काय ते उघडतात. यंदा कृपा करून सगळ्यांनी उघडा. पॉलिसी १ एप्रिलला नव्यानं सुरू होणार असेल, तर यादी त्याच्या आठ-दहा दिवस आधी बंद होते, आणि एकदा बंद झाली की लग्न किंवा बाळंतपण सोडून वर्षभर तिच्यात सहसा कुणाची भर पडत नाही.

त्या फॉर्ममध्ये ‘नातं’ असा एक रकाना असतो. त्यावर क्लिक केलं की यादी उघडते: पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील. कुठे कुठे सासू-सासरेही. मी बावीस वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांच्या एचआरमध्ये काढली. हा फॉर्म किती वेळा पाठवला याची गणती नाही. पण त्या यादीत कोण नाही, हे माझ्या कधी डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

एकदा डिझाइनमधला एक मुलगा सुटायच्या वेळी केबिनमध्ये आला. दार ओढून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, मामेभावाचं नाव घालता येईल का?” मी हसून म्हटलं, “मामेभाऊ कसला घालतोस? लग्न कर आणि बायकोला घाल की!” तोही हसला आणि गेला. दोन वर्षांनी त्याच ‘मामेभावा’ला हायवेवर ट्रकनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन, रॉड, बरेच दिवस हॉस्पिटल. मुलाच्या रजा संपल्या होत्या. घरच्या आजारपणाची जादा रजा आमच्याकडे होती, पण ती ‘कुटुंबीयां’साठी. मामेभाऊ त्यात बसत नव्हता, म्हणून सहा दिवसांचा पगार मीच कापला. हॉस्पिटलचं बिल त्यानं पर्सनल लोन काढून भरलं. हे मला कळलं त्याच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, फुल अँड फायनलच्या कागदावर सही करताना. “मामेभाऊ नव्हता तो, मॅडम. नऊ वर्षं आम्ही एका घरात राहतो.” एवढंच बोलला. माझ्या त्या विनोदाचं नावही त्यानं काढलं नाही.

त्यानं तेव्हाच खरं का सांगितलं नाही, असं कुणी विचारेल. तुम्ही सांगितलं असतं? तो फॉर्म एचआरच्या पोरीकडे जातो, तिथून मॅनेजरकडे, मग विम्याच्या ब्रोकरकडे, दावे हाताळणाऱ्या टीपीएकडे. दुपारच्या डब्यापर्यंत बातमी कँटीनमध्ये पोचते. ज्याला ही सोय हवी आहे, त्यानं ती मागायची म्हटली की आधी स्वतःला उघडं करायचं. म्हणून तो मागत नाही. आणि कुणी मागितलं नाही म्हणून एचआर म्हणतं, आमच्याकडे असं कुणी नाहीच.

हा फास बाहेरून सोडवावा लागतो. तुमचं लग्न झालंय, दोन मुलं आहेत, आईवडील पॉलिसीत आहेत? मग प्रश्न तुम्ही विचारा. तुमच्याबद्दल कुणी कुजबुजणार नाही, आणि कुजबुजलं तरी तुमचं प्रमोशन अडणार नाही.

कायदा झाला की सगळं आपोआप होईल, असं म्हणणारे मला भेटतात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे आज हे संबंध गुन्हा नाहीत, पण नातं म्हणूनही त्यांची कागदावर नोंद नाही. खासगी कंपनीनं समलिंगी म्हणून एखाद्याला नोकरी नाकारली, तर जिच्यावर थेट बोट ठेवावं अशी तरतूद नाही. २०१९ चा कायदा ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात तक्रारदार स्त्रीच असावी लागते, त्यामुळे ज्या पुरुषाच्या चालण्याबोलण्यावरून शॉपफ्लोअरवर रोज शेरे मारले जातात, त्याला त्या कायद्याखालच्या तक्रार समितीचं दार बंद.

नुसत्या निकालानं नोकरी वाचत नाही, हे आपल्याच एका माणसाच्या बाबतीत दिसलं आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस, मराठीचे प्राध्यापक, कवी, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ ला असे संबंध गुन्ह्याच्या व्याख्येबाहेर काढले होते. त्यानंतर सातच महिन्यांनी, ८ फेब्रुवारी २०१० ला, काही लोक कॅमेरा घेऊन सिरसांच्या घरात घुसले आणि त्यांच्या खासगी क्षणांचं चित्रण केलं. निलंबनाचा कागद निघाला तो सिरसांच्या नावे. विद्यापीठाचं क्वार्टर सोडायची वेळ आली. निवृत्तीला काही महिनेच उरले होते. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबन स्थगित केलं. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. मराठी शिकवायला इतक्या दूर गेलेल्या या माणसाचं नाव आपल्याकडे अनेकांना त्यांच्यावरच्या हिंदी सिनेमामुळे कळलं, याची मला लाज वाटते.

आता कंपनीच्या हातात काय आहे ते बघा, कारण बरंच आहे. गट विमा हा तुमची कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला करार असतो. आश्रित कोणाला म्हणायचं हे त्या करारात वाटाघाटी करून लिहून घेता येतं. टाटा स्टीलनं डिसेंबर २०१९ मध्ये समलिंगी कर्मचाऱ्यांना जोडीदाराची नोंद करून कर्मचारी-कुटुंबाच्या सवलती घ्यायची सोय केली. अ‍ॅक्सिस बँकेनं सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं की मेडिक्लेममध्ये जोडीदाराचं नाव घाला, लिंग कोणतंही असो, लग्न झालेलं असो-नसो. देशात विवाहाचा कायदा बदलला नव्हता, तरी हे झालं. रजा, बदली, आपत्कालीन संपर्काचं नाव, अंत्यसंस्काराची सुट्टी हे तर कंपनीचे स्वतःचे नियम. त्यांना दिल्लीची परवानगी लागत नाही.

“खोटे जोडीदार घुसवतील हो,” असं आमचे एक फायनान्सवाले म्हणायचे. नवराबायकोकडून आपण कितीदा मॅरेज सर्टिफिकेट मागतो? इथेही प्रतिज्ञापत्र घ्या, दोघांच्या नावाचा भाडेकरार घ्या, जॉइंट खातं बघा. समलिंगी जोडप्याला जॉइंट खातं उघडायला आणि त्यात एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही, हे केंद्रीय अर्थ मंत्रालयानं २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलंय. बँकेला चालतं ते तुमच्या एचआरला चालायला हरकत नसावी.

प्रॉव्हिडंट फंडाचं मात्र कंपनीच्या हातात नाही. १९५२ च्या योजनेत कुटुंबाची व्याख्या ठरलेली आहे. त्यात अवलंबून असलेले आईवडील येतात, आणि कुटुंब असताना बाहेरच्या माणसाचं नाव नॉमिनी म्हणून लिहिलं तर ते ग्राह्य धरत नाहीत. ग्रॅच्युइटीचीही तीच तऱ्हा. त्यामुळे जी जोडपी हे वाचत असतील त्यांना माझं सांगणं, घर, ठेवी, शेअर्स यांचं मृत्युपत्र आजच करा. दोन साक्षीदार पुरतात, स्टँप लागत नाही.

एचआरमधल्या माझ्या मैत्रिणींनो आणि मित्रांनो, नियम करून थांबू नका. नोंदणी कुणाच्या डोळ्यांखालून जाते ते तपासा. जोडीदाराची माहिती दोनच माणसांना दिसेल अशी सोय करा, नाहीतर पॉलिसीत तरतूद असेल आणि यादी मात्र कोरी राहील. छळविरोधी धोरणात तक्रारदार कुणीही असू शकेल असं कंपनीपुरतं लिहा. युनियनवाल्यांनो, वेतनकराराच्या मागणीपत्रात ही एक ओळ घाला. आणि जूनमध्ये लोगो सप्तरंगी करणाऱ्या कंपन्यांत काम करणाऱ्यांनो, तुम्ही हा प्रश्न जरा मोठ्यानं विचारा.

मेल काय लिहायचा तेही देते. तसाच उतरवून घ्या:

“आपल्या गट आरोग्य विम्यात कर्मचाऱ्याच्या समलिंगी किंवा अविवाहित जोडीदाराचं नाव घालता येतं का? येत नसल्यास यंदाच्या रिन्यूअलमध्ये ही सोय विमा कंपनीकडे मागावी आणि फॉर्ममधल्या ‘नातं’ या रकान्यात ‘जोडीदार’ हा पर्याय द्यावा.”

एकट्यानं पाठवू नका. टीममधल्या चार-पाच जणांनी वेगवेगळा पाठवा. उत्तर येईल, “पुढच्या वर्षी बघू.” हे उत्तर मी स्वतः अनेकांना लिहिलं आहे, त्याचा अर्थ मला ठाऊक आहे: ब्रोकरला फोनच गेलेला नसतो. त्यावर लगेच विचारा, या सोयीसाठी जादा प्रीमियम किती पडेल याचं कोटेशन मागवलं का, आणि आकडा काय आला?

हे सगळं यादी बंद व्हायच्या आत व्हायला हवं. ती तारीख मेलच्या शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरांत असते.