सामाईक विहीर

परवा ऑफिसात एका तरुण सहकाऱ्याशी वाद झाला. विषय रुक्ष होता, शेअर्ड मेमरी. त्याचं म्हणणं, "सिस्टीम फाइव्हचे हे जुने कॉल म्हणजे कचरा आहे. प्रोग्रॅम मेला तरी त्याची मेमरी मागे पडून राहते, ही काय पद्धत झाली?" मी म्हटलं, "विहीर खणणारा मेला म्हणून विहीर बुजते का?" तो हसला. मी मात्र घरी येईपर्यंत त्याच विचारात होतो.

आमचं गाव माकणी, लोहारा तालुक्यातलं. माकणीचं नाव लोकांना माहीत असतं ते तेरणेवरच्या धरणामुळे, निम्न तेरणा प्रकल्पामुळे. पण आमचं रान भिजायचं ते आजोबांनी खणलेल्या विहिरीवर. आजोबा गेले, जमीन तिघा भावांत वाटली गेली, विहीर मात्र सामाईक राहिली. सातबाऱ्यावर तिघांचे हिस्से आणि पाण्याला पाळी ठरलेली. रात्रीची लाईट आली की ज्याची पाळी असेल त्याने दारं धरायला जायचं. आपली पाळी नसताना मोटर चालू केली तर विहीर काही बोलत नाही. बोलतात ते भाऊबंद.

शेअर्ड मेमरीचं अगदी असंच आहे. एरवी दोन प्रोग्रॅम एकमेकांशी पाइपमधून किंवा सॉकेटमधून बोलतात तेव्हा कर्नल मध्ये उभा असतो. इकडचा डेटा उचलायचा, तिकडे ओतायचा. शेअर्ड मेमरीत तो एकदाच येतो, तोच मेमरीचा तुकडा दोघांच्याही घरात जोडून देतो आणि बाजूला होतो. म्हणून ती सगळ्यात वेगवान, आणि म्हणूनच सगळ्यात धोक्याची. पाळी कुणाची हे कर्नल सांगत नाही. त्यासाठी सेमाफोर वेगळा ठेवावा लागतो, आणि तो पाळायचा की नाही हे शेवटी लिहिणाऱ्याच्या हातात.

कॉल फक्त चार. शमगेट ठरलेल्या किल्लीवरून तुकडा शोधतो किंवा नवा बनवतो. शमॅट तो आपल्याला जोडतो, शमडीटी सोडवतो. चौथा शमकंट्रोल, तुकडा काढून टाकायचं कामही त्याचंच. जोडलेला तुकडा प्रत्येकाच्या घरात वेगळ्या पत्त्यावर येऊ शकतो, म्हणून त्यात पॉइंटर ठेवायचे नसतात, सुरुवातीपासूनचं अंतर ठेवायचं असतं. "माझ्या दारापासून उजवीकडे" ही खूण भावाच्या कामाची नाही. "विहिरीपासून वीस पावलं" म्हटलं की ती तिघांनाही कळते.

आता माझी चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची, एका जुन्या नोकरीतली. एक प्रोग्रॅम नोंदी गोळा करून शेअर्ड मेमरीत टाकायचा, दुसरा त्यांची बेरीज करायचा. पहिल्याची नवी आवृत्ती मी रात्री चढवली. तिला तुकडा मोठा हवा होता. त्याच किल्लीचा लहान तुकडा आधीच असल्यामुळे शमगेटने नकार दिला. मी वैतागून आयपीसीआरएमने जुना तुकडा उडवला. प्रोग्रॅम झटक्यात चालू झाला, आणि मी निवांत झोपलो.

सकाळी बेरीज रात्रीच्याच आकड्यावर थांबलेली! झालं असं, की जोडलेला तुकडा काढून टाकला तरी तो लगेच नाहीसा होत नाही. त्याची किल्ली जाते, त्याच्यावर फुली पडते, आणि शेवटचा प्रोग्रॅम सोडून जाईपर्यंत तो जिवंत राहतो. बेरीज करणारा त्या जुन्या तुकड्याला धरून बसला होता. गोळा करणाऱ्याला त्याच किल्लीवर नवा कोरा तुकडा मिळाला होता. दोघेही बिनचूक काम करत होते, दोन वेगवेगळ्या विहिरींवर. कुठेही एररचा मेसेज नव्हता.

उडवण्याआधी आयपीसीएसने यादी बघितली असती तर एनॅटॅचच्या रकान्यात अजून कुणीतरी जोडलेलं आहे हे दिसलं असतं. मी बघितलं नाही. आकडा थांबलाय हे कळलं कसं नाही म्हणून बोलणी बसली रात्रपाळीच्या पोराला. मी दुपारपर्यंत गप्प होतो. दुपारी जाऊन सांगितलं. ते अर्ध्या दिवसाचं गप्प बसणं मला त्या चुकीपेक्षा जास्त सलतं.

तर माझं मत असं. मागे पडून राहणं हा त्या कॉलांचा दोष नव्हे. सामाईक वस्तू एकाच्या जाण्याने संपू नये, ती संपवायचा निर्णय कुणीतरी जाणूनबुजून घ्यावा, हेच योग्य आहे. नव्या पॉसिक्स पद्धतीतही, शम-ओपनमध्ये, नाव पुसेपर्यंत तुकडा राहतोच. पोस्टग्रेसने २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासून मोठी मेमरी सिस्टीम फाइव्हमधून काढून एममॅपवर नेली, पण एक छोटासा जुना तुकडा मुद्दाम ठेवला. का? तर त्याला किती जण जोडलेत हे मोजता येतं. जुन्या सर्व्हरचं कुणी अजून जिवंत असेल तर त्याच डेटावर नवा सर्व्हर चालू होऊ नये म्हणून. ज्याला आमचा मित्र कचरा म्हणतो, त्यातली ही मोजणी कामाची ठरली.

धाकट्या काकांनी आपला हिस्सा विकला तेव्हा सातबाऱ्यावरून त्यांचं नाव गेलं. पण रानात ज्वारी उभी होती. घेणारा म्हणाला, "उभं पीक निघूस्तोवर पाणी घ्या की, विहीर कुठं पळून जातीय." काकांनी शेवटची पाळी घेतली, मोटर काढली, आणि मग गाव सोडलं.

म्हणून हल्ली मी शमगेट लिहिलं की कोड पुढे नेण्याआधी त्याच्या वर एक ओळ लिहितो : हा तुकडा कोण काढणार, आणि केव्हा. मित्राला ही ओळ दाखवली. तो म्हणाला, "एवढ्याने काय होतंय?"

बहुधा काहीच होत नाही. पण काढण्याआधी अजून कोण जोडलेलं आहे ते बघायची आठवण राहते. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे.