‘बस, चाललंय’ याचा हिशेब

भिवंडीतल्या कोणत्याही कारखानदाराला, सायझिंगवाल्याला किंवा नाक्यावरच्या दुकानदाराला ‘धंदा कसा आहे?’ असे विचारून पाहा. बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, ‘अल्लाह का करम है, बस चल रहा है.’ मी छोट्या कारखानदारांची जीएसटीची विवरणपत्रे भरून देतो, त्यामुळे हे वाक्य दिवसातून अनेकदा माझ्या कानावर पडते. त्यात शुक्र आहे, सभ्यता आहे, आणि कुणाची नजर लागू नये ही धास्तीही आहे. पण त्यातून माहिती काहीच मिळत नाही. वीज कशी आहे, रस्ता कसा आहे, बँक दारात उभी करते का, मुलगा हा धंदा पुढे चालवणार का, यातले काही त्या उत्तरात येत नाही.

माझे म्हणणे साधे आहे. शुक्र अल्लाहचा मानायचा असतो, पण समाधान किती आहे याचा जाब शहराला विचारायचा असतो. आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो आणि त्याचा फायदा कारभाऱ्यांना होतो. जो प्रश्न कुणी विचारतच नाही, त्याचे उत्तर द्यायला कुणी बांधील नसतो.

जर्मनीत जवळजवळ प्रत्येक उद्योगाला आपल्या भागातल्या व्यापार-उद्योग मंडळाचे सभासदत्व कायद्यानेच घ्यावे लागते. यातली अनेक मंडळे दर काही वर्षांनी सभासदांना विचारतात की धंद्यासाठी हे शहर तुम्हाला कसे वाटते. त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. रस्ते, इंटरनेट, वीजदर, जागेचे भाडे, कुशल कामगार, पालिकेच्या कामाचा वेग अशा प्रत्येक बाबीवर दोन प्रश्न असतात. ही गोष्ट तुमच्या धंद्याला किती महत्त्वाची आहे? आणि तिच्याबाबत तुम्ही किती समाधानी आहात? दोन उत्तरांत जिथे मोठे अंतर पडते, तिथे शहराचे दुखणे असते. मग तो कागद महापौरापुढे ठेवला जातो.

आपल्याकडे उद्योगसुलभतेचा गाजावाजा कमी झाला नाही. जागतिक बँकेच्या 2020 च्या यादीत भारत 63 व्या क्रमांकावर आल्याचा आनंद साजरा झाला. पण त्या यादीसाठी भारत म्हणजे फक्त दिल्ली आणि मुंबई ही दोन शहरे होती. पुढे आकडेवारीतल्या गडबडी उघड झाल्यावर 2021 मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला. मुंबईच्या उंबरठ्यावर असलेल्या भिवंडीच्या कारखान्यात मात्र त्यासाठी कुणी डोकावले नव्हते.

म्हणून तीच दोन प्रश्नांची पट्टी आपण भिवंडीला लावून पाहू.

जागेच्या सोयीला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. मुंबई–नाशिक महामार्ग शेजारून जातो, अहमदाबादचा रस्ता हाकेच्या अंतरावर आहे, न्हावा-शेवा बंदर आवाक्यात आहे. 1930 च्या दशकात इथे यंत्रमाग आले. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या ढासळल्या, तेव्हा कापडाचे काम इकडे सरकले आणि माग लाखांनी मोजावेत इतके वाढले. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवणे परवडत होते, म्हणून आजूबाजूच्या गावांत गोदामे उभी राहिली. 2017 मध्ये जकात गेली तरी गोदामे राहिलीच, उलट ऑनलाइन खरेदीमुळे आणखी वाढली. पण ही गोदामे बहुतेक मानकोली, राहनाळ, वळ, पूर्णा अशा ग्रामपंचायतींच्या जमिनीवर आहेत. ट्रकांची गर्दी, धूळ आणि खड्डे शहराच्या वाट्याला येतात, त्या गोदामांचा मालमत्ता कर मात्र पालिकेच्या तिजोरीत येत नाही. मग जागा मोक्याची असूनही तिथे पोहोचताना माल तासन् तास अडकतो. ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झाले. त्यानंतर किती पावसाळे गेले, ते ज्याचे त्याने मोजावे.

शांततेची गोष्ट वेगळी सांगावी लागेल, कारण कोणत्याही धंद्याची पहिली गरज तीच असते. मे 1970 आणि मे 1984 च्या दंगलींत भिवंडीने माणसे गमावली, घरे आणि माग जळाले. 1970 च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. त्यानंतर ‘दंगलीचे शहर’ हा शिक्का भिवंडीवर बसला तो बसलाच. पण 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी त्याआधीची काही वर्षे मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि पोलीस हवालदार एकत्र बसून किरकोळ भांडणे तिथेच मिटवत होते. खोपडे यांनी यावर पुस्तकही लिहिले. शहराचे नाव दंगलीने बिघडते आणि माणसांच्या रोजच्या बोलण्या-बसण्याने सुधारते, हा आपला स्वतःचा अनुभव आहे. तरीही बाहेरचा व्यापारी आजही जुनाच शिक्का वाचतो. म्हणजे शांततेत आपण कमावलेले गुण आपल्या खात्यावर जमा झालेलेच नाहीत.

आता पतपुरवठ्याकडे येऊ. नोव्हेंबर 2006 मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालात एक बोचरी नोंद आहे. काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्यांचे काही भाग ‘निगेटिव्ह झोन’ ठरवले होते, म्हणजे तिथे कर्ज सहजासहजी द्यायचे नाही. अर्जदाराचा हिशेब चोख असला तरी त्याचा पत्ताच आड येतो. ज्या शहरात पत्ता हाच तारणातला दोष ठरतो, तिथे उद्योजकाने समाधानी असावे अशी अपेक्षा कुणी करू नये. मग सूत व्यापाऱ्याकडून उधार, कापड त्यालाच परत आणि मधल्या फरकावर मजुरी, या चक्रात कारखानदार अडकतो. नावाला तो मालक असतो, पण भाव दुसराच कुणी ठरवतो.

विजेचा विचार करू. 2007 पासून भिवंडीतले वीज वितरण खासगी फ्रँचायझीकडे आहे आणि देशातला असा तो पहिला मोठा प्रयोग मानला जातो. यंत्रमागाला सरकार वीजदरात सवलत देते, त्यात 27 अश्वशक्तीच्या आतले आणि वरचे असा भेद आहे. सवलत मिळते की नाही आणि बिल समजते की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझ्याकडे येणाऱ्या कारखानदारांपैकी अनेकांना बिलावरचा कोणता आकार कशासाठी आहे, हे कुणी कधी समजावून सांगितलेले नसते. समजत नाही तोवर तक्रारही करता येत नाही.

आणि धक्के? नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीत आठवड्याची रोख मजुरी द्यायला पैसे नव्हते. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला. कृत्रिम सुतावर 12 टक्के आणि कापडावर 5 टक्के असा उलटा कर कित्येक वर्षे चालला. तो भेद सप्टेंबर 2025 मध्ये दूर झाला. 2020 च्या टाळेबंदीत कामगार पायी गावी गेले. त्याच वर्षी 21 सप्टेंबरच्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि 35 हून अधिक जीव गेले. कामगार राहतो ती इमारत हीसुद्धा धंद्याच्या जागेचाच भाग आहे. बारा तास माग चालवणारा माणूस ज्या छताखाली झोपतो ते छतच भरवशाचे नसेल, तर कुशल कामगार या शहरात का थांबेल?

इथे कुणी म्हणेल, एवढे असमाधान असते तर लोक शहर सोडून गेले नसते का? जर्मनीतली कंपनी नाराज झाली तर शेजारच्या शहरात जाऊ शकते. आमचा चोवीस मागांचा मालक कुठे जाणार? त्याचे घर इथे, उधारी इथे, कारागीर इथे, मुलीची सासर इथे. न जाणे हे समाधानाचे लक्षण धरले तर तुरुंगाइतकी समाधानी जागा दुसरी नसेल. आणि जे खरोखर गेले, त्यांना कुणी विचारतच नाही. भंगाराच्या भावाने माग विकून कुणी रिक्षा घेतली, कुणी गोदामात हमाल झाला. पाहणीत टिकून राहिलेलेच बोलतात. बंद कारखान्याचे शटर बोलत नाही.

आणखी एक आवाज नेहमी वगळला जातो. कामगारांची खानावळ, जिला आपण बिस्सी म्हणतो, ती चालवणारी बाई उद्योजक नाही का? घरात बसून धागे कापणारी, शिवण करणारी, मसाले-पापड विकणारी आपली आई, खाला, वहिनी या शहराच्या अर्थव्यवस्थेत कुठे मोजल्या जातात? त्यांच्यासाठी शहराच्या सोयी म्हणजे गल्लीत दिवा असणे, नळाला ठरल्या वेळी पाणी येणे, बँकेत एकटीने गेल्यावर नीट उत्तर मिळणे. कारखानदारांच्या सभेत हे प्रश्न कधी निघत नाहीत, कारण त्या सभेला बायका बोलावल्याच जात नाहीत.

बोट फक्त सरकारकडे दाखवून भागणार नाही. मालमत्ता कराची थकबाकी हा आपल्या पालिकेचा जुना आजार आहे आणि थकवणाऱ्यांत आपणही आहोत. सायझिंगच्या भट्टीत जळणाऱ्या कचऱ्याचा धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. रस्ता खराब झाला की आपण नगरसेवकाच्या घरी जाऊन आपल्या गल्लीपुरता मुरूम टाकून घेतो. मोहल्ल्यासाठी मिळून निवेदन देणे आपल्याला जड वाटते. मेहरबानी मागायची इतकी सवय झाली आहे की हक्क मागताना जीभ अडखळते. 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. मेहरबानी करणारे नगरसेवकच पदावर नव्हते, तेव्हा ही सवय किती महागात पडते ते दिसायला हवे होते.

म्हणून हे काम मी तुमच्यासमोर ठेवतो आहे. तुमच्यातले कुणी बी.कॉम. करत असेल, कुणी समाजकार्य शिकत असेल, कुणी अजून ठरवत असेल. सरकार पाहणी करील याची वाट पाहू नका. आपल्या मोहल्ल्यातल्या पन्नास धंद्यांकडे जा. त्यात कारखानदार असावेत, तसेच जॉबवर माग चालवणारे, सायझिंगवाले, टेम्पोवाले, दुकानदार आणि घरातून काम करणाऱ्या बायकाही असाव्यात. गेल्या पाच वर्षांत धंदा बंद केलेले निदान दहा जण शोधून त्यांनाही विचारा. शेजारच्या वस्तीतल्या तेलुगू विणकरांना आणि मराठी दुकानदारांना वगळू नका, खड्डा सर्वांचाच आहे. प्रत्येक बाबीला दोन खाने ठेवा, महत्त्व किती आणि समाधान किती. नावे लिहू नका, म्हणजे लोक मोकळेपणाने बोलतील. ‘बस, चल रहा है’ असे उत्तर आले तर तिथे थांबू नका. विचारा, ‘चाचा, गेल्या महिन्यात माग किती तास बंद राहिले? बिल किती आले? मागच्या मालाचे पैसे कधी मिळाले?’

आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. अनेकांची उद्यम नोंदणी नसते, ती मोबाइलवर विनामूल्य होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. तसे न केल्यास एप्रिल 2024 पासून ती रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. महाराष्ट्रात 2015 चा सेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित परवान्याला किंवा दाखल्याला ठरल्यापेक्षा उशीर झाला तर अपील करता येते. माहिती अधिकार तर 2005 पासून आहे. ही कागदी हत्यारे आपल्या वस्तीत बोथट होऊन पडली आहेत, कारण ती वापरणारे हात कमी आहेत.

पन्नास उत्तरे जमली की अंतर कुठे सर्वात मोठे आहे ते तक्त्यात मांडा. तो तक्ता आयुक्तांना द्या, बँकेच्या शाखेत द्या, निवडून आलेल्यांना द्या आणि जुम्म्यानंतर चहाच्या टपरीवरही दाखवा. पुढच्या वर्षी तीच पाहणी पुन्हा करा. एकदा विचारले तर ती तक्रार ठरते. दरवर्षी विचारले तर हिशेब ठेवला जातो आहे हे समोरच्याला कळते.

आपल्या वडिलांच्या पिढीने मागांच्या आवाजात एकमेकांशी ओरडून बोलण्याची सवय लावून घेतली, पण शहराशी बोलताना ती गप्प राहिली. माग कमी होत चालले आहेत. जे उरले आहेत ते चालवणाऱ्यांना या शहराबद्दल काय वाटते, हे ते बंद पडण्याआधी लिहून ठेवायला हवे. सुरुवात तुमच्या गल्लीतल्या पहिल्या कारखान्यापासून होऊ शकते, आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.