वैतरणेचे पाणी मुंबईला, मोखाड्याची पोरे कुठे?

जव्हार-मोखाड्याचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुतेक दोनच कारणांनी. एक कुपोषण. १९९२ साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. दुसरे पाणी. मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथले पाडे टँकरची वाट पाहतात. या तालुक्यांतली मुलगी मुंबईच्या इन्व्हेस्टमेंट बँकेत उन्हाळी इंटर्नशिप करते आहे, अशी बातमी वाचल्याचे कोणाला आठवते काय?

ही बँक म्हणजे पासबुक भरून देणारी बँक नव्हे. कंपन्यांना भांडवल उभे करून देणे, त्यांचे शेअर बाजारात आणणे, एका कंपनीने दुसरी विकत घ्यायची तर तिची किंमत ठरवणे, हे तिचे काम. एमबीएचे विद्यार्थी पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात सुमारे दोन महिने तिथे उमेदवारी करतात. काम पसंत पडले तर नोकरीचे पत्र तिथेच मिळू शकते.

मेख पुढेच आहे. आयआयएमचे वर्ग जून-जुलैत सुरू होतात आणि या इंटर्नशिपच्या मुलाखती दिवाळीच्या आसपास उरकतात. म्हणजे तयारीला अवघे तीन-चार महिने! ज्याच्या घरी जेवताना शेअरच्या गप्पा चालतात, तो तयार होऊनच येतो. ज्याने 'ताळेबंद' हा शब्द पहिल्यांदा वर्गात ऐकला, तो धावायला लागेपर्यंत शर्यत संपलेली असते. शिवाय निवडीत दहावी-बारावीचे गुणही पाहिले जातात. शाळेत गणिताला शिक्षक नव्हता, हे गुणपत्रिकेवर लिहिलेले नसते. आयआयएमच्या प्रवेशात अनुसूचित जातींना १५ टक्के आणि जमातींना साडेसात टक्के जागा संविधानाच्या बळावर मिळतात. खाजगी बँकेच्या मुलाखतीत ते बळ संपते.

'आम्हाला या शेअर बाजाराचे काय?' असे कोणी विचारील. उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. एवढा पैसा कुठून उभा राहतो, परतावा कोणाला, जोखीम कोणाच्या माथी, हे गणित याच विद्येने मांडले जाते. ज्यांची जमीन आणि समुद्र पणाला लागतो, त्यांच्या घरात ते गणित तपासणारे कोणी नको काय?

बाबासाहेबांनी ही विद्या परकी मानली नाही. बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर त्यांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारांवर सल्ला देणारी कचेरी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके फिरकेनाशी झाली आणि ती बंद पडली. पण तोच माणूस १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि १९२३ मध्ये त्याचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

मग करायचे काय? तयारी आयआयएमच्या दारात नव्हे, जव्हारच्या वसतिगृहात सुरू झाली पाहिजे. कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. शेअर विक्रीला काढणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रके सेबीच्या संकेतस्थळावर असतात. पदवीच्या पहिल्या वर्षापासून एक कंपनी धरावी आणि तिचे पाच वर्षांचे अहवाल वाचावेत. नफा दिसतो पण रोकड का दिसत नाही, हे शोधावे. आकडे एक्सेलमध्ये स्वतः मांडावेत. उद्याच्या शंभर रुपयांची आजची किंमत शंभराहून कमी का, हे मित्राला समजावून सांगता आले पाहिजे. मुलाखतीत पुढे हेच विचारतात.

अर्थात सारा भार पोरांवरच टाकून चालणार नाही. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने आणि बार्टीने स्पर्धा परीक्षांच्या जोडीला या क्षेत्रासाठीही तुकडी चालवावी. इंटर्नशिपच्या काळात मुंबईत राहण्याची सोय करावी. बँका, विमा कंपन्या आणि कंपन्यांच्या हिशेब खात्यांत असलेल्या आपल्या बांधवांनी वर्षातून चार रविवार जव्हारच्या अभ्यासिकेला द्यावेत. जयंतीच्या वर्गणीतून एका मुलीचा लॅपटॉप होऊ शकतो.

वैतरणेचे पाणी मुंबईला नेण्यासाठी शासनाने डोंगर फोडले. मोखाड्याच्या पोरांना तिथवर नेणारी वाट शासन आपणहून खोदील, या भ्रमात राहू नये. ती मागून घ्यावी लागेल आणि तोवर स्वतः खोदायला लागावे लागेल.