प्रश्नांना वेळ नाही

पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला सभांचं अप्रूप नसतं. वसुलीच्या सभा, ठेवींच्या सभा, तहसील कचेरीतल्या आढावा बैठका, सगळं भोगून झालं होतं. पण विद्वानांच्या परिसंवादाला मी कधी गेलो नव्हतो. कादंबऱ्या लिहिल्या त्या सुट्टीच्या दिवशी, आणि प्राध्यापक मंडळींपासून चार हात लांब राहून. त्यामुळे निवृत्तीनंतर सिमल्याहून भारतीय कादंबरीवरच्या एका परिसंवादाचं बोलावणं आलं, तेव्हा आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. बायको म्हणाली, ‘‘आधी लोकरीचे मोजे घ्या. निबंधाचं मग बघू.’’

कालक्याहून सुटणारी ती चिमुकली गाडी १९०३ पासून धावते आहे. ९६ किलोमीटरांत शंभरावर बोगदे. मी निबंधावरून शेवटचा हात फिरवत होतो आणि दर थोड्या वेळाने काळोख होत होता. निबंधाचा विषय मात्र माझ्या ओळखीचा होता : मराठी मुलखातलं कर्ज. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि सावकाराच्या चोपडीशेजारी आमचं लेजर येऊन बसलं. या लेजरापलीकडचा माणूस कादंबरीत कितपत आला, असा माझा सवाल होता.

सत्रात सहा निबंध होते. प्रत्येकी पंधरा मिनिटं. अध्यक्षांनी प्रत्येक वक्त्याची ओळख करून दिली आणि प्रत्येक निबंधानंतर त्याचा सारांशही सांगितला. मी मराठीत लिहिलेला निबंध इंग्रजीत वाचला. माझाच आवाज मला परका वाटत होता. टाळ्या मात्र सर्वांना सारख्याच पडल्या. शेवटी घड्याळाकडे पाहून अध्यक्ष म्हणाले, ‘‘प्रश्नोत्तरं चहाच्या वेळी.’’ आमच्याकडे संध्याकाळी रोकड जुळल्याखेरीज कुणी घरी जात नसे. इथे सहा जणांचे हिशेब कुणीही न तपासता पास झाले.

दुपारी आम्हाला ‘राष्ट्रपती निवास’ दाखवायला नेलं. १८८८ साली बांधून झालेला हा व्हाइसरॉयचा वाडा. मैदानातला उन्हाळा सुरू झाला की सरकार सात हजार फुटांवर येऊन बसे आणि तिथून खालच्या कोट्यवधींचा कारभार हाके. १९४५ साली याच वास्तूत वेव्हेल यांनी पुढाऱ्यांची परिषद भरवली आणि ती फिसकटली. पुढे राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने १९६५ साली इथे उच्च अध्ययन संस्था सुरू झाली. जिथे नाच आणि मेजवान्या झडल्या, तिथे आज ग्रंथालय आहे. पुस्तकांच्या त्या रांगांमधून हिंडताना वाटलं, उंचावरून दूरचं दिसतं हे खरं. पण माणसांचे चेहरे दिसत नाहीत. विचाराला अंतर लागतंच. मात्र अंतर आणि तुटलेपण यांत फरक असतो, आणि तो फरक दाखवून द्यायला खालून आलेलं कुणीतरी समोर असावं लागतं.

ते मला संध्याकाळी चहाच्या टेबलापाशी भेटलं. दिल्लीत पीएच. डी. करणारी मराठवाड्यातली एक मुलगी. ‘‘सर, मराठीत विचारलं तर चालेल?’’ म्हणाली. ‘‘तुमच्या कादंबरीत मॅनेजरला नाव आहे, शिपायाला आहे, मॅनेजरच्या कुत्र्यालासुद्धा आहे. कर्ज काढणाऱ्यालाच का नाही?’’

मी लेखकाला शोभेल असं उत्तर दिलं. तो एक व्यक्ती नाही, प्रतिनिधी आहे, वगैरे.

ती शांतपणे म्हणाली, ‘‘माझ्या आजोबांच्या दारावर बँकेने नोटीस डकवली होती, सर. तिच्यावर पूर्ण नाव होतं. वडिलांच्या नावासकट.’’

मग तिने माझ्यासाठी बिस्किटांची बशी पुढे केली. मला ते बिस्कीट काही गिळेना. कारण तशा नोटिसांवर मी सह्या केल्या आहेत. १९९० च्या कर्जमाफीत, दहा हजारांच्या मर्यादेत कोण बसतं याच्या याद्या मी रात्री जागून स्वतःच्या अक्षरात लिहिल्या आहेत. नावं मला ठाऊक होती. कादंबरी लिहायला बसलो तेव्हा मी ती गाळली, आणि त्या गाळण्याला कला म्हटलं.

माझ्या निबंधाचं खरं परीक्षण त्या दोन मिनिटांत झालं, आणि तेही सभागृहाबाहेर. म्हणून परिसंवाद भरवणाऱ्यांना एका नवशिक्याची विनंती आहे. सहाऐवजी तीन निबंध ठेवा. ओळखी छापून वाटा. उरलेला वेळ प्रश्नांना द्या, आणि ते विचारणाऱ्याच्या भाषेत विचारू द्या. दुभाषाचं काम करणारा कुणी ना कुणी सभेत असतोच. सगळे प्रश्न चांगले नसतील. काही जण प्रश्नाच्या नावाखाली भाषण करतील. पण एखादा तरी असा निघेल, की ज्यासाठी एवढा डोंगर चढून यावं.

उतरताना गाडीत मी निबंध काढला नाही. कादंबरीची नवी आवृत्ती निघायची आहे, त्यात त्या माणसाला नाव द्यायचं असं ठरवत होतो. कुठलंही दिलं तर चालणार नव्हतं. माझ्या अक्षरातल्या यादीतली नावं मी एकेक आठवत होतो. कालका येईपर्यंत चारच आठवली.