अपुऱ्या कायद्याची थोरवी

"कायदे करून काय होते? ते कागदावरच राहतात!" वादविवाद स्पर्धेत हमखास टाळ्या मिळवणारे हे वाक्य. मीही ते अनेकदा फेकले आहे. पण सॅम्युएल व्हॅन हाउटेन या डच पुढाऱ्याचे चरित्र वाचनात आले आणि ते वाक्य पुन्हा उच्चारताना जीभ अडखळू लागली.

व्हॅन हाउटेन यांचा जन्म १८३७ सालचा, ग्रोनिंगेनचा. पेशा वकिलीचा. १८६९ मध्ये ते संसदेत निवडून गेले. तेव्हा हॉलंडच्या कारखान्यांत कोवळी मुले राबत होती. लेडनच्या गिरण्यांतील मुलांची कैफियत क्रेमर या लेखकाने १८६३ मध्येच मांडली होती. वाचणारे हळहळले, पण हळहळीने कारखान्याचे दार बंद होत नाही.

व्हॅन हाउटेन पक्के उदारमतवादी. सरकारने लोकांच्या व्यवहारात ढवळाढवळ करू नये, हे त्या पंथाचे ब्रीद. मग मालक-मजुरांच्या मध्ये सरकारने पडावे कसे? त्यांनी प्रौढ आणि मूल यांत फरक केला. प्रौढ माणूस आपला करार आपण करतो. मुलाला ते स्वातंत्र्य असतेच कुठे? १८७४ मध्ये त्यांचा कायदा संमत झाला आणि बारा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास बंदी आली.

पण कसली बंदी! शेतकाम वगळलेले, घरकाम वगळलेले. तपासणीला निरीक्षक नाहीत, शाळेची सक्ती नाही. डच लोक आजही त्याला 'इवलासा बालकायदा' अशा अर्थाच्या नावानेच ओळखतात. १८८७ च्या संसदीय चौकशीत तर तो सर्रास मोडला जात असल्याचे उघड झाले.

म्हणजे तो व्यर्थ गेला? मला तसे वाटत नाही. कायदा होता, म्हणूनच त्याचा भंग हा गुन्हा ठरला आणि तो मोजता आला. चौकशीनंतर १८८९ चा कामगार कायदा आला, त्याबरोबर निरीक्षक आले. १९०० मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा ५० विरुद्ध ४९ मतांनी, म्हणजे अवघ्या एका मताने तरला!

व्हॅन हाउटेन यांना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. गृहमंत्री असताना त्यांनी केलेल्या १८९६ च्या कायद्याने मतदार जवळजवळ दुप्पट झाले, पण स्त्रिया बाहेरच राहिल्या. पुढे तरुण उदारमतवादी सरकारकडून अधिक सुधारणा मागू लागले, तेव्हा हे जुन्या मतालाच चिकटून राहिले. १९३० मध्ये, ९३ व्या वर्षी ते वारले. त्यांनी लावलेली पायरी ओलांडून काळ केव्हाच पुढे गेला होता.

यातच त्यांच्या कार्याचे सार्थक आहे, असे मी मानतो. अपुऱ्या कायद्यावर समाधान मानून झोपी जाणे ही चूकच. पण तो अपुरा आहे म्हणून त्याची टवाळी करणे ही त्याहून मोठी चूक. मित्रहो, पुढच्या स्पर्धेत ते टाळीचे वाक्य घेण्यापूर्वी लेडनच्या त्या मुलांना एकदा आठवा.