अंतर रोगाशी, माणसाशी नव्हे

मार्च महिना लागला की वस्त्यावस्त्यांत जयंतीच्या बैठका सुरू होतात. वर्गणी किती ठेवायची, मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची, यावर चर्चा रंगते. अशा बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतोच, "२०२० सालची जयंती नाही का, आपण घरातच केली!" मग गाडी कोरोनाकडे वळते. दोघे-चौघे "नको बाबा ती आठवण" म्हणून विषय बदलतात. त्यांचेही चुकत नाही. अनेकांच्या घरातली माणसे त्या साथीत गेली. तरीही आम्हाला वाटते की त्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांची आठवण आपण मुद्दाम जपली पाहिजे. रोग पुन्हा केव्हा येईल हे कुणाच्या हाती नाही. पण रोग आल्यावर माणसाने माणसाशी कसे वागावे, हे मात्र आपल्या हाती आहे.

आठवून पाहा. चीनमधील वुहान शहरातल्या आजाराची बातमी प्रथम आली तेव्हा आपल्याला ती फार दूरची वाटली. ३० जानेवारी २०२० रोजी भारतातला पहिला रुग्ण केरळात सापडला. ९ मार्चला पुण्यात महाराष्ट्रातले पहिले रुग्ण आढळले. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक साथ असल्याचे म्हटले आणि त्यानंतर दोनच दिवसांनी राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. परदेशातून आलेल्या माणसांच्या हातावर शाईचे शिक्के मारून त्यांना घरी बसवण्यात आले.

रोगाच्या आधी घरात शिरली ती अफवा. कोंबडी खाल्ली की कोरोना होतो, असे कुणीतरी उठवले आणि फेब्रुवारीतच कोंबडीचे भाव कोसळले. लसूण खा, कापूर हुंगा, गरम पाणी प्या, असे सल्ले मोबाइलवर पाऊस पडावा तसे पडू लागले. मास्क आणि सॅनिटायझरचे भाव इतके चढले की २१ मार्चला केंद्र सरकारला दर ठरवून द्यावे लागले. दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १० रुपये, आणि २०० मिलीलिटर सॅनिटायझर १०० रुपये. घरात पाच माणसे असतील तर रोज ५० रुपयांचे मास्क कोण घेणार? तेव्हा आपल्या बायाबापड्यांनी शिलाई मशीन पुढे ओढले आणि जुन्या सुती कापडाचे मास्क शिवून घरच्यांनाही दिले, शेजाऱ्यांनाही दिले. आणि सॅनिटायझर नसले तरी साबण होताच. या विषाणूभोवती चरबीचे पातळ आवरण असते आणि साध्या साबणाने ते फुटते. वीस सेकंद नीट हात धुतले की काम भागते. ही माहिती त्या वेळी ज्या घरात पोहोचली, त्या घरातली अर्धी भीती कमी झाली.

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या, टाळ्या वाजल्या. त्याच रात्रीपासून मुंबईच्या लोकल बंद झाल्या. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांचे भाषण झाले आणि चार तासांनी सारा देश २१ दिवसांसाठी बंद झाला. "घरात राहा, सुरक्षित राहा," असे जो तो सांगू लागला.

पण बंधू-भगिनींनो, घर म्हणजे कोणते घर? दहा बाय दहाची खोली, वर पोटमाळा, आत सहा-सात माणसे. दिवसपाळीचा माणूस रात्री झोपतो आणि रातपाळीचा दिवसा, म्हणून तर ती खोली पुरत होती. ती सगळी माणसे एकाच वेळी एका पत्र्याखाली आली, आणि तीही ऐन एप्रिलच्या उन्हात. संडास सार्वजनिक, नळ सार्वजनिक, पाण्याची वेळ ठरलेली. हंडा घेऊन रांगेत उभे राहिल्यावर सहा फुटांचे अंतर ठेवायचे तर रांगेचे टोक दुसऱ्या गल्लीत जायचे. हातावर पोट असणाऱ्याने काय करायचे? नाक्यावर उभा राहणारा बिगारी, रिक्षावाला, धुणीभांडी करणारी बाई यांना महिना संपायची वाट पाहावी लागत नाही. त्यांचा डबा तिसऱ्या दिवशीच रिकामा होतो. 'घरात राहा' हा सल्ला डॉक्टरी दृष्टीने बरोबर होता, पण ज्याने तो दिला त्याच्या डोळ्यांपुढे आपले घर नव्हते.

त्याच दिवसांत आणखी एक शब्द रोज कानावर आदळू लागला. 'सोशल डिस्टन्सिंग', म्हणजे 'सामाजिक अंतर'! टीव्हीवर, पोस्टरवर, पोलिसांच्या भोंग्यावर सगळीकडे तेच. आपल्या आजी-आजोबांनी तो शब्द ऐकला तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल? ज्यांना पाणवठ्यावर अंतर, शाळेत अंतर, हॉटेलात वेगळी कपबशी ठाऊक होती, त्यांना नव्याने अंतर शिकवायची काय गरज होती? खुद्द जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च महिन्यातच 'सोशल' ऐवजी 'फिजिकल', म्हणजे शारीरिक अंतर असे म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडे मात्र जुनाच शब्द तोंडात बसला.

आम्ही अंतराच्या विरोधात नाही. साथीत अंतर ठेवलेच पाहिजे. पण रोगाचे अंतर आणि अस्पृश्यतेचे अंतर यांतला फरक आपल्या मुलांना नीट समजला पाहिजे. रोगाचे अंतर दोन्ही बाजूंनी असते. साहेबाने शिपायापासून दूर राहायचे, तसे शिपायानेही साहेबापासून. ते ठरावीक दिवसांचे असते. चौदा दिवस भरले की संपते. आणि त्याला कारण असते, ते तपासता येते. अस्पृश्यतेचे अंतर एकतर्फी, जन्मापासून मरणापर्यंतचे, आणि त्याला कारण विचारायची सोय नाही. कुणी तुमच्यापासून दूर उभा राहिला तर एवढेच पाहा की हा नियम त्याला स्वतःलाही लागू आहे का. लागू असेल तर ती काळजी आहे. नसेल तर तो जुनाच विटाळ, फक्त तोंडावर मास्क बांधून आलेला.

या कसोटीवर तेव्हाचे वागणे घासून पाहा. साथ विमानाने आली, पण संशय झोपडपट्टीवर घेतला गेला. कामे पुन्हा सुरू झाली तेव्हा काही इमारतींत रहिवाशांसाठी लिफ्ट आणि कामवालीसाठी जिना असा नियम निघाला. विषाणू काय ओळखपत्र पाहून लिफ्टमध्ये चढतो? रुग्णालयात राबणाऱ्या परिचारिकांना आणि वॉर्डबॉयना घरमालकांनी खोल्या सोडायला सांगितल्याच्या बातम्या येत होत्या. आणि या सगळ्यांचा कचरा रोज पहाटे कोण उचलत होते? सफाई कामगार. कित्येकांच्या तोंडाला नुसता रुमाल बांधलेला असे, हातात धड हातमोजे नसत. ज्यांच्यासाठी पाच वाजता टाळ्या वाजल्या, त्यांना सहा वाजता हातमोजे मिळाले का, हे विचारणारे फार थोडे होते. काही मालकांनी घरी बसवूनही पुरा पगार दिला, त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. पण माणुसकी एखाद्याच्या मर्जीवर सोडून कामगाराचा संसार चालत नाही.

आता आपल्याच ताटाकडे पाहू. आपल्याही काही वस्त्यांत रुग्णवाहिका आली की खिडक्या बंद झाल्या. बरा होऊन परतलेल्या माणसाच्या घरचे पाणी भरणे थांबले. नाक्यावरच्या माणसाने "त्या घरात होता" म्हणून बोट दाखवले. आपल्या पूर्वजांनी जे भोगले ते आपणच शेजाऱ्याला भोगायला लावायचे, याहून दुःखाची गोष्ट कोणती?

अशा वेळी आठवते ती सावित्रीमाई. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तिथून पुण्यात पसरला. लोक घरेदारे सोडून पळत होते. ज्या १८९७ च्या कायद्याचा उल्लेख आम्ही वर केला, तो त्याच प्लेगसाठी झालेला. त्या वेळी सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले, असे त्यांच्या चरित्रात येते. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. दवाखाना वस्तीपासून दूर माळावर होता, म्हणजे रोगाचे अंतर त्यांनाही कळत होते. पण त्या अंतराच्या नावाखाली त्यांनी त्या मुलाला टाकून दिले नाही.

२१ दिवसांची मुदत संपली तो दिवस होता १४ एप्रिल. बाबासाहेबांची १२९ वी जयंती! सकाळी दहा वाजता बंद ३ मेपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले. त्या वर्षी मंडप नाही, डीजे नाही, मिरवणूक नाही. लोकांनी दारात निळा झेंडा लावला, घरातल्या प्रतिमेपुढे मेणबत्ती पेटवली, मुलांकडून बाबासाहेबांचे लेखन वाचून घेतले. कितीतरी मंडळांनी वर्गणीच्या पैशातून तांदूळ, डाळ, तेल, साबण घेऊन गरजूंच्या घरी पोहोचवले, आणि घर कुणाचे आहे हे विचारले नाही. आम्हाला विचाराल तर त्या जयंतीचा आवाज फार लांबवर गेला.

१ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला. आता सगळे संपले, असे मोठमोठे लोक बोलत होते. पण पालिकेचे कर्मचारी, आशाताई आणि वस्तीतले खाजगी डॉक्टर गल्लीगल्लीत गेले. घरोघर ताप तपासला, संशयितांना शाळांत आणि सभागृहांत वेगळे ठेवले, त्यांच्या जेवणाची सोय केली, सार्वजनिक संडास दिवसातून अनेकदा धुतले. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेऊन कौतुक केले. माणसांना कोंडून नव्हे, तर त्यांच्या दारात जाऊन साथ आटोक्यात येते, हा धडा गरिबांच्या वस्तीने जगाला दिला.

सर्वांच्या दारात मात्र कुणी गेले नाही. ७ मे रोजी बुद्धपौर्णिमा होती. दुसऱ्या दिवशी पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रेल्वे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी ते पायी निघाले होते. गाड्या बंद आहेत असे समजून थकून आडवे झाले. रुळांवर पडलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले. ते कोणत्या जातीचे होते हे आम्हाला विचारायचे नाही. ते आपल्यातले होते.

म्हणून आमची प्रत्येक कुटुंबाला विनंती आहे की पुढच्या संकटाची तयारी आजच करून ठेवा.

एक, रेशन कार्ड. तेव्हा माणशी ५ किलो तांदूळ फुकट जाहीर झाले, पण कार्ड गावाला आणि माणूस मुंबईत, म्हणून अनेकांना रिकाम्या पिशवीने परतावे लागले. आता अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांना दुसऱ्या गावातल्या रेशन दुकानातूनही धान्य घेता येते. मात्र घरातल्या प्रत्येकाचे नाव आणि आधार जोडलेले हवे. या रविवारीच कार्ड काढून पाहा.

दोन, कामगार म्हणून नोंदणी. एप्रिल २०२० मध्ये राज्यातील नोंदणी झालेल्या बांधकाम कामगारांच्या खात्यात २,००० रुपये आले. शेजारीच विटा वाहणाऱ्या, पण नोंद नसलेल्या बाईला काही मिळाले नाही. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला घेऊन कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करा. घरकाम करणाऱ्या भगिनींनीही आपली नोंद करून घ्यावी.

तीन, आजारी माणसाची सोय. तेव्हा आपण भाजीसुद्धा साबणाने धुवत होतो. पुढे कळले की हा रोग मुख्यतः कोंदट हवेतून पसरतो. एकच खोली असेल तर आजारी माणसाला खिडकीजवळ झोपवा, दार-खिडकी उघडी ठेवा, त्याने आणि सेवा करणाऱ्यानेही मास्क लावावा. आणि ही सेवा एकट्या आईवर टाकू नका. त्या आठवड्यांत सगळे घरी बसले होते, तरी पाणी, स्वयंपाक आणि भांडी तिच्याच वाट्याला आली होती.

चार, शेजार. ज्या घरात रोग शिरेल, त्या घराच्या दाराबाहेर दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणि भाजी ठेवलेली असली पाहिजे. दाराबाहेर ठेवा, आत जाऊ नका, पण हाक मारल्याशिवाय परत फिरू नका. महिला मंडळांनी पाळी लावून घेतली तर कुणावर भार पडणार नाही.

तुमच्या वस्तीत त्या दिवसांत कुणी कुणासाठी काय केले, ते आम्हाला पोस्टकार्डावर चार ओळींत लिहून पाठवा. ते आम्ही याच पानावर छापू. मुलांना ते कळले पाहिजे.

सप्रेम जयभीम!