मुहूर्त आपला, माग विणकराचा

स्वदेशीचा उच्चार करणाऱ्या आपल्या संस्था खादीची मागणी नोंदवतात ती बहुधा जुलैच्या अखेरीस, आणि कापड हवे असते चौदा ऑगस्टला. ते वेळेत आले नाही की खादीवाल्यांना व्यवहार कळत नाही, असा शेरा मारून आपण गिरणीच्या कापडाकडे वळतो. वर्धा जिल्ह्यात तरी असे घडू नये. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने येथेच मूळ धरले, ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. आणि स्वदेशी जागरण मंचाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी याच जिल्ह्यातील आर्वीचे.

मागणीनुसार होणाऱ्या उत्पादनात ग्राहक वस्तूआधी कारागिराचा वेळ विकत घेत असतो. खादीत हा वेळ ऋतूंशी बांधलेला आहे. कापूस वेचणीला येतो दिवाळीच्या आसपास. त्यानंतर सरकी काढणे, पिंजण, पेळू, कताई, ताणा, खळ, विणाई. माग रिकामा दिसला म्हणून कापड निघत नाही. एका मागाला पुरेल इतके सूत कातण्यास अनेक चरखे लागतात. खोळंबा होतो तो बहुधा सुतापाशी. शिवाय एकदा ताणा चढला की तो संपेपर्यंत दुसरा पन्हा घेता येत नाही. मध्येच कुणा मान्यवराची निकड घुसवली, की आधी नोंदलेल्या साऱ्यांच्या तारखा कोलमडतात. पावसाळ्यात तर रंगवलेले सूत लवकर वाळत नाही, आणि कातणाऱ्या कित्येक भगिनी निंदणाला शेतावर असतात. नेमकी तेव्हाच आपली मागणी पोहोचते!

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजासही मान्यता मिळाली. २०२२ च्या 'हर घर तिरंगा' अभियानात घरोघरी ध्वज पोहोचवण्यास हातमाग पुरे पडले नसते, हे मान्यच. परंतु आपल्या शाळांचा, कार्यालयांचा ध्वज खादीचाच असावा, एवढी मागणी आगाऊ सांगता येते. स्वातंत्र्यदिनाची तारीख काही अचानक ठरत नाही.

दोष एकट्या ग्राहकाचा मात्र नाही. हातातील सूत न मोजता 'होऊन जाईल' असे सांगणारे उत्पादकही कमी नाहीत. त्यांनी कोऱ्या सुताचा साठा उन्हाळ्यातच करावा, रंग आणि विणाई तेवढी मागणीवर सोडावी, आणि मागांवर आधीच असलेले काम मोजूनच तारीख द्यावी. ती लांबची असली तरी चालेल. आणि आपल्या संस्थांनी दिवाळीनंतरच्या पहिल्याच बैठकीत वर्षभराच्या कापडाचे मीटर ठरवून, आगाऊ रकमेसह पत्र धाडावे.